डोंगरावर जाणाऱ्यांची वही

परदेशात शिकून आलेल्या माणसाला लोक ठरावीक प्रश्न विचारतात. थंडी किती होती, खाण्याचे हाल झाले का, गोरे लोक वागायला कसे. मीही ठरावीक उत्तरं देते. खरं विचाराल तर तिथं मी दोनच गोष्टी शिकले. एक, धुक्यात होकायंत्र बघून चालणं. दुसरी, निघताना कुठं चाललो ते सांगून निघणं. पहिलीचा इथं गारखेड्यात काही उपयोग नाही. दुसरीचा होता, पण ती मी तिथल्या परक्या माणसांपुढं पाळली आणि घरच्यांशी खोटं बोलत राहिले.

आमच्या घरात निघणाऱ्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारायची बंदी होती. पुष्कळ घरांत असते. ‘कुठं’च्या ऐवजी ‘लांब का?’ म्हणतात आणि भागवतात. आमच्याकडं तेही चालत नसे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. शेतांच्या आणि डोंगरांच्या हद्दी मोजायच्या, साखळी ओढायची, दगड रोवून घ्यायचे, हे त्यांचं काम. गाव सिल्लोडकडचं. शाळेची पहिली दोन-तीन वर्षं त्यांची उर्दूत गेली आणि पोलीस ॲक्शननंतर त्याच शाळेत, त्याच बाकावर मराठी सुरू झाली, असं ते सांगत. ॲक्शनच्या आधीच्या गडबडीच्या दिवसांत त्यांचे चुलते एका सकाळी घरातून निघाले. दारात कुणीतरी मोठ्यानं ‘कुठं निघालात?’ म्हणून विचारलं, त्यांनी मोठ्यानं सांगितलं, आणि ते परत आले नाहीत. कोण ऐकत उभं आहे याचा तेव्हा भरवसा नव्हता. अण्णा एवढंच सांगत. बाकीच्या लोकांचा हा अपशकुन असेल, अण्णांच्या घरातलं माणूस गेलं होतं.

कुणी चुकून विचारलंच तर अण्णा पायरीवरून मागं फिरत. बूट काढत, खुर्चीवर बसत, तांब्याभर पाणी पीत, पाच मिनिटं जाऊ देत आणि मग नव्यानं निघत. मी सहा-सात वर्षांची असताना हे माझ्या बरोबर ध्यानात आलं. दौऱ्यावर गेले की ते चार-चार दिवस येत नसत. म्हणून ते पायरी उतरायला लागले की मी मुद्दाम ओरडायची, "अण्णा, कुठं?" ते परत येऊन बसायचे. "लई वांड झालीस तू," म्हणायचे. तेवढ्यात मी त्यांच्या मांडीवर चढून बसायची. आई माझ्यावर भडकायची, अण्णांनी मात्र कधी हात उगारला नाही. त्यांनाही ती पाच मिनिटं हवी असायची, असं आता वाटतं. पण हे मी मागून जोडलेलं असेल. मागून जोडायला मला वेळ भरपूर मिळाला.

मी कॉलेजात असताना आई गेली. दादा, म्हणजे मोठा भाऊ, वाळूजला कंपनीत लागला होता. वहिनी घरात आली होती. मला मातीच्या अभ्यासासाठी स्कॉटलंडची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा अण्णांना रिटायर होऊन सहा-सात वर्षं झाली होती. निघायच्या दिवशी सगळ्या गल्लीनं उपदेश केला. अण्णा फक्त "ये" म्हणाले.

तिथल्या विद्यापीठात डोंगर चढणाऱ्या पोरापोरींचा एक क्लब होता. शुक्रवारी दुपारी व्हॅन भरून निघायचं, शनिवार-रविवार डोंगर चढायचे, सोमवारी लंगडत वर्गात यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या अण्णांनी जन्मभर उन्हातान्हात डोंगर चढले, पण त्याला कुणी छंद म्हटलं नाही. दर वर्षी कॅनव्हासच्या बुटांचा एक जोड फाटायचा, तेवढंच. मी गेले ती खोलीतल्या एकटेपणाला कंटाळून. बूट उसने होते, दोन मापं मोठे. आत दोन-दोन मोजे घालून चालले. पहिल्याच दिवशी दलदलीत मांडीपर्यंत रुतले आणि दोघांनी काखेत हात घालून मला उपटून काढलं.

आणि मला वेड लागलं. कबूल करायला आता लाज कसली. तोवर मी नुसती हुशार होते. अंगानंही मला काही जमतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चढावर सगळे धापा टाकायचे आणि मी अण्णांसारखी आखूड पावलं टाकत, तोंड मिटून, हात मागं बांधून वर जायची. कुणी शिकवलं म्हणून विचारायचे. मी धपाटे घेऊन जायची. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही, मक्याचं आणि कणीक मिसळून करायची, आणि शिखरावरच्या वाऱ्यात ती सहा-सात गोरी पोरं त्यांवर तुटून पडायची. वर पोचलं की बहुतेक वेळा धुक्याशिवाय काही दिसायचं नाही. तरी मला तिथं अण्णांची आठवण यायची. या डोंगराची हद्द त्यांनी कुठून धरली असती, कुठं दगड रोवला असता, हे मी मनात ठरवायची. ज्याला हे सगळं सांगावं असा एकच माणूस मला जगात होता.

त्यालाच मी सांगितलं नाही. दादाला कळलं असतं तर "शिकायला गेलीस का पोरांबरोबर डोंगरं हिंडायला?" हे ठरलेलं होतं. वहिनीच्या माहेरी कळलं असतं तर दोन दिवसांत सिल्लोडपर्यंत बातमी, आणि माझ्या लग्नाची बोलणी तर नुकती कुठं सुरू होत होती. म्हणून शनिवार-रविवार मी लायब्ररीत असते असं सांगून टाकलं आणि घरी फोन करायचा वार सोमवार केला. अण्णा विचारायचे, "जेवलीस का?" मी म्हणायची, "हो." एवढं एकच मी खरं सांगत होते.

क्लबमध्ये एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, सुतळीनं पेन्सिल बांधलेली. पेन नाही, कारण ओल्या कागदावर पेन्सिलच उमटते. डोंगरावर निघायच्या आधी प्रत्येकानं तीत लिहायचं. कुठं जाणार, कुठल्या वाटेनं जाणार, किती वाजता परत येणार. शेवटचा रकाना, आलो नाही तर कुणाला कळवायचं. वही सांभाळायला एक म्हातारा होता, निवृत्त पोस्टमन. तो प्रत्येक सहलीला यायचा पण चढायचा नाही. गुडघे गेलेले. पायथ्याच्या मुक्कामी फोनजवळ खुर्ची टाकून, शेवटचा माणूस परत येऊन नावापुढं खूण करीपर्यंत बसून राहायचा. कोण कुठली पोरं, आणि हा त्यांच्यासाठी बसलेला.

पहिल्या खेपेला माझा हात चालेना. कुठं जाणार हे निघताना लिहायचं म्हणजे मला दारात उभं राहून ओरडल्यासारखं वाटलं. शेवटी लिहिलं. शेवटच्या रकान्यात बाकीच्यांनी खोलीवरच्या जोडीदाराचं नाव लिहिलं होतं, एकानं घरमालकिणीचं. मी अण्णांचं नाव लिहिलं आणि गारखेड्याच्या घरचा नंबर, देशाच्या आकड्यासकट. म्हातारा त्या लांबलचक नंबराकडं बघत राहिला.

"हे कोण?"

"माझे वडील."

"ते इथं यायला किती वेळ लागेल?"

मी मनात विमानाचे तास मोजायला लागले. तो सावकाश म्हणाला, "पोरी, तू हरवलीस तर ते तिकडून काय करतील?"

मला राग आला. माझं काही बरंवाईट झालं तर ते आधी वडलांना कळायला नको? खोलीवरच्या पोरीला त्याचं काय? शाळेच्या दाखल्यापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळीकडं मी तेच नाव लिहीत आले होते. आमच्याकडच्या कुणीही तेच लिहिलं असतं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि वही मिटली. दर सोमवारी मी ज्यांना लायब्ररीची थाप मारत होते त्यांचाच नंबर दर शनिवारी डोंगराच्या वहीत लिहीत होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघायचं माझ्या हुशार डोक्याला वर्षभर सुचलं नाही.

फेब्रुवारीत दादाचा फोन आला. एरवी तो फोनवर दोन वाक्यं बोलायचा.

"अण्णा परवा हर्सूलला घावले. तलावाच्या बांधावर बसले होते. घरचा रस्ता आठवंना म्हणले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, विसरायलेत. सकाळी येतो म्हणून निघत्यात अन् कुठं जात्यात पत्ता नाय."

"मग विचारा ना रे निघताना."

"तू विचारशील का?" दादा म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "हे बघ, तुला सुट्टी असते ना एप्रिलात? ये एकदा. डॉक्टरचं म्या काढलं तर अंगावर येत्यात. तुझं ऐकत्यात ते. तू म्हणलीस तर खिशात पत्ता ठेवतील, सांगून जातील."

सुट्टी होती, तीन आठवड्यांची. पण त्याच सुट्टीत क्लबची वर्षातली मोठी सहल होती. समुद्रातल्या एका बेटावरची सुळक्यांची लांब धार. तिच्यासाठी सहा जण निवडले होते आणि त्यांत मी होते.

"परीक्षा आहे दादा," मी म्हटलं. "जूनमध्ये येते."

"बरं. परीक्षा असंल तर काय," तो म्हणाला आणि फोन अण्णांकडं दिला. अण्णा म्हणाले, "अभ्यास कर. माझं काय, मी हितंच आहे."

मी फोन ठेवला. मग बुटांना मेण लावायला गेले.

बेटावर तिसऱ्या दिवशी धुक्यात आम्ही अडकलो. संध्याकाळी उतरायचं होतं ते जमलं नाही, पण धारेच्या खाली मेंढपाळांची एक दगडी खोपी सापडली. तिथंच मुक्काम केला. धोका काही नव्हता. उरलेलं चॉकलेट वाटून खाल्लं, गाणी म्हटली. मी आयुष्यात त्या दिवसाइतकी हसले नाही. ते हसणं मला अजून सोसत नाही.

खाली म्हातारा वही घेऊन बसलेला. सकाळी सातपर्यंत आम्ही आलो नाही तेव्हा नियमाप्रमाणं त्यानं शेवटच्या रकान्यातले नंबर फिरवायला घेतले. पाच जणांच्या खोलीवरच्या जोडीदारांनी झोपेतच सांगितलं, येतील, खोपीत असतील. सहावा फोन गारखेड्यात वाजला. इथं साडेअकरा झाले होते. दादा कंपनीत होता. वहिनी गच्चीवर कुरडया घालत होती. फोन अण्णांनी उचलला. म्हाताऱ्यानं नंतर मला सांगितलं, तुझे वडील फार शांत होते, त्यांनी डोंगराचं नाव तीनदा विचारून घेतलं आणि आभार मानले. सरकारी नोकरीतलं इंग्रजी ते. ते विसरले नव्हते.

मग अण्णांनी कॅनव्हासचे बूट घातले. टोपी, पाण्याची बाटली आणि मोजणीची जुनी पिशवी घेतली. फाटकातून वर बघून वहिनीला म्हणाले, "येतो."

"तोंडावर आलं होतं हो माझ्या, कुठं म्हणून," वहिनी मला रडत सांगत होती. "त्यो बूट बघून आलंच होतं. गिळलं. म्हणलं, उगं अपशकुन कशाला. म्हणलं, उन्हाचं लवकर या."

दहाएक मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. तोवर आम्ही सहा जण हसत-खिदळत पायथ्याला पोचलो होतो, आणि सगळे सुखरूप आहेत हे म्हातारा कळवत होता. वहिनीचे दोन्ही हात चिकानं माखलेले. ती खाली येईस्तोवर वाजणं थांबलं. मी घरात असते तर विचारलं असतं. मी ओरडले असते, अण्णा मागं फिरले असते, बूट काढून, पाणी पिऊन पाच मिनिटं बसले असते आणि मग पुन्हा बूट चढवायला लागले असते. तेवढ्यात तो दुसरा फोन त्यांनीच घेतला असता. हा हिशोब मी इतक्या वेळा मांडलाय की आता चुकत नाही.

अण्णा हर्सूल नाक्यावरून काळीपिवळीत बसले आणि चौक्याच्या घाटात उतरले. तो डोंगर त्यांनी तरुणपणी मोजला होता. एप्रिलच्या उन्हात ते एकटे वर चढले आणि झुडपाझुडपात हाका मारत फिरले. दुपार कलल्यावर एका गुराख्यानं त्यांना धरून खाली घाटातल्या हॉटेलात आणलं. हॉटेलवाला म्हातारा मुसलमान होता. त्यानं त्यांना बाजेवर निजवलं, ओला पंचा डोक्यावर घातला आणि विचारलं, "चाचा, किसकू ढूंढ रहे?"

"पोरगी डोंगरात हाय माझी," अण्णा म्हणाले. "धुकं लई पडलंय."

त्यांच्या खिशात लग्नपत्रिकेच्या मागं लिहिलेली चिठ्ठी निघाली. फोनवर ऐकलेलं त्यांनी टिपून घेतलं होतं, पण उर्दूत. पहिली शिकलेली लिपी तेवढी हाताला आठवली असावी. आमच्या घरात ती कुणालाच वाचता आली नसती. हॉटेलवाल्याला आली. खिशातल्या जुन्या ओळखपत्रावरचा नंबर बघून त्यानं घरी कळवलं, आणि संध्याकाळच्या आत दादा तिथं पोचला तेव्हा त्यानं चिठ्ठी वाचून दाखवली. "लडकी. पहाड. धुंद. इतनाच लिखे हैं, मियाँ. इधर तो आग बरस री, धुंद कां की?"

आठ दिवस अण्णा दवाखान्यात होते. ऊन डोक्यात शिरलं होतं. आधीच जे सुटत चाललं होतं ते सगळं एकदमच सुटलं. मी चौथ्या दिवशी आले, पायात तेच डोंगराचे बूट. पलंगाजवळ जाऊन म्हटलं, "अण्णा, मी आले." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"बसा," म्हणाले. मग जरा पुढं झुकून, "ताई, तुम्ही त्या बाजूनं आलात का? माझी पोरगी दिसली का वाटंत?"

मी परत गेले नाही. क्लबच्या सगळ्यांनी सह्या करून कार्ड पाठवलं, डोंगर तुझी वाट बघतोय वगैरे. ते मी बंबात घातलं. पोस्टमननं वेगळं पत्र लिहिलं होतं, माफी मागणारं. त्याची काहीच चूक नव्हती. म्हणूनच त्याला उत्तर लिहिणं जमलं नाही. नातेवाईक म्हणायला लागले, बघा, परदेश सोडून बापाच्या सेवेला आली, अशी लेक नशिबानं मिळते. मी ते ऐकून घ्यायची. दादानं एकदाच विचारलं, "परीक्षेचं काय झालं मग?" मी म्हटलं, "नव्हती." त्या दिवशी त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढची तीन वर्षं अण्णा रोज सकाळी उठून बूट घालायचे आणि डोंगरावर निघायचे. दादानं फाटकाला कुलूप घातलं तर अण्णांनी हातातून रक्त येईपर्यंत फाटक बडवलं. मग मी कुलूप काढून टाकलं. ते पायरी उतरायला लागले की मी मागून म्हणायची, "अण्णा, कुठं?"

ते थांबायचे. मागं फिरायचे, बूट काढायचे, खुर्चीवर बसून पाणी प्यायचे. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण तो शब्द माहीत होता. पाच मिनिटांनी उठायचे, मी पुन्हा म्हणायची. एका सकाळी वीस-पंचवीस वेळा. दुपारपर्यंत थकून झोपायचे. ज्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं त्या घरात तीन वर्षं माझ्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. शेजारपाजारचे म्हणायचे, काय ही पोरगी, म्हाताऱ्याला सारखं हटकते.

शेवटच्या हिवाळ्यात एक दिवस मी नेहमीसारखं विचारलं. अण्णा थांबले, पण परत आले नाहीत. पायरीवरच वळून उभे राहिले आणि साहेबाला दौरा सांगावा तसं नीट, सावकाश बोलले.

"डोंगरावर. चौक्याच्या घाटानं. पोरगी सापडली की लगेच येतो."

कुठं, कुठल्या वाटेनं, कधी परत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी निघताना सगळं सांगितलं होतं. एक रकाना राहिला होता, तोही त्यांच्या ध्यानात आला असावा. दोन पायऱ्या वर येऊन हळू आवाजात म्हणाले,

"आलो नाही तर माझ्या लेकीला तेवढं कळवा, ताई. परदेशात असते ती. पण लगेच नका कळवू. तिची परीक्षा आहे."